युरेनियमाची पुनःप्राप्ती : एका आकड्याचे परीक्षण

वापरलेल्या अणुइंधनावरील रासायनिक पुनःप्रक्रियेसंबंधी जे जे लिहिले जाते, मग ते पाठ्यपुस्तक असो, माहितीपुस्तिका असो की वृत्तपत्रातील लेख असो, त्यात एक आकडा सहसा चुकत नाही. अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनात शेकडा ९५ ते ९६ भाग युरेनियम तसेच शिल्लक असते, हा तो आकडा होय. त्याच्या पाठोपाठ येणारा युक्तिवादही ठरलेला असतो. शंभरातील शहाण्णव भाग जर न जळता उरत असतील, तर ते इंधन कचरा समजून पुरून टाकणे हा अविचार आहे. रसायनशास्त्राच्या साहाय्याने हे युरेनियम वेगळे करावे, पुन्हा भट्टीत घालावे, म्हणजे इंधनाचा प्रश्न जवळजवळ सुटला. यातील आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून पाहावयास हवा. कारण तो ज्या शास्त्राच्या नावाने काढला जातो, त्याच शास्त्राच्या कसोटीवर तो जसाच्या तसा टिकत नाही.

या युक्तिवादामागे एक घरगुती प्रतिमा उभी असते. चुलीतले लाकूड अर्धवट जळून विझले, तर त्यावरची राख झटकावी आणि उरलेले लाकूड पुन्हा चुलीत सारावे. गृहिणी हे रोज करते व त्यात तिचे काही चुकत नाही. कारण न जळलेला भाग हा मूळच्या लाकडासारखाच असतो. वापरलेल्या इंधनातून परत मिळविलेले युरेनियम हे मात्र भट्टीत घातलेल्या युरेनियमासारखे नसते. त्याचे रासायनिक गुणधर्म तेच असतात, त्याचा रंग तोच असतो, त्याची सर्व अभिक्रियांतील वागणूक तीच असते. परंतु ज्या एका गुणासाठी ते इंधन म्हणून घेतले होते, तो गुण मधल्या काळात बराचसा खर्च झालेला असतो. राख झटकण्याचे काम रसायनज्ञ करू शकतो. गेलेला गुण परत आणणे हे त्याच्या हातचे नाही.

राख झटकण्याचे हे काम किती अवघड आहे आणि ते किती कौशल्याने साधले आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. नाहीतर पुढील टीका अन्यायाची ठरेल. भट्टीतून काढलेले इंधन काही वर्षे पाण्याखाली थंड होऊ दिल्यावर त्याचे तुकडे करून ते उकळत्या नायट्रिक अम्लात विरघळवितात. झिर्कोनियमच्या मिश्रधातूचे वेष्टन न विरघळता मागे राहते. क्रिप्टॉन व आयोडीन वायुरूपाने निसटतात. त्यांची वेगळी व्यवस्था लावावी लागते. उरलेल्या द्रावणात युरेनियम असते, थोडे प्लुटोनियम असते आणि विखंडनातून जन्मलेली कितीतरी मूलद्रव्ये असतात : सीझियम, स्ट्रॉन्शियम, रुथेनियम, झिर्कोनियम, टेक्नेशियम, शिवाय विरल मृत्तिकांचे जवळजवळ सारे कुटुंब. त्यांच्या किरणोत्सारामुळे माणसाला या द्रावणाजवळ उभे राहणे अशक्य असते. जाड काँक्रीटच्या भिंतींआड, दुरून चालविता येणाऱ्या उपकरणांनी, वर्षानुवर्षे दुरुस्तीशिवाय चालावे अशा यंत्रणेत सारे काम करावे लागते.

या गर्दीतून नेमकी दोन मूलद्रव्ये निवडण्याचे काम ट्रायब्युटिल फॉस्फेट हा सेंद्रिय पदार्थ करतो. डोडेकेनसारख्या हायड्रोकार्बनमध्ये शेकडा ३० या प्रमाणात मिसळलेला हा द्रावक अम्लीय द्रावणाशी घुसळला, म्हणजे सहा संयुजेचे युरेनियम व चार संयुजेचे प्लुटोनियम आपापल्या नायट्रेटांच्या रूपात त्याच्याकडे जातात. दोन्ही संयुगांत धातूच्या एका अणूमागे द्रावकाचे दोन रेणू बांधले जातात. विखंडनजन्य मूलद्रव्ये बहुतांशी पाण्यातच राहतात. पुढची पायरी अधिक सुंदर आहे. प्लुटोनियमचे सौम्य क्षपण करून त्याची संयुजा तीनवर आणली, की त्याचे द्रावकाशी असलेले सख्य संपते व ते पुन्हा पाण्यात उतरते. युरेनियम मात्र द्रावकातच राहते. हे क्षपण पूर्वी फेरस सल्फामेटने करीत. त्याने लोखंड आणि सल्फेट टाकाऊ द्रावात साचत जाई. म्हणून पुढे हायड्राझीनने स्थिर केलेल्या चार संयुजेच्या युरेनियमाचा उपयोग होऊ लागला, आणि क्षपणकारकाचे अवशेष म्हणून उरले ते पुन्हा युरेनियमच. शेवटी अगदी विरल अम्लाने युरेनियमही द्रावकातून काढून घेतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत येथपर्यंतची समीकरणे बहुधा अचूक असतात.

उत्तरपत्रिकांत जे येत नाही ते कारखान्यात येते. किरणोत्साराच्या माऱ्याने द्रावकाचे रेणू तुटतात. त्यांतून निर्माण होणारे डायब्युटिल फॉस्फेट झिर्कोनियमला व प्लुटोनियमला घट्ट धरून ठेवते, म्हणून द्रावक प्रत्येक फेरीनंतर सोडियम कार्बोनेटने धुवावा लागतो. रुथेनियम नायट्रोसिल संयुगांची अनेक रूपे धारण करते, आणि त्यांतील काही रूपे युरेनियमाच्या मागोमाग चोरपावलांनी द्रावकात शिरतात. सेंद्रिय द्रावक व तीव्र नायट्रिक अम्ल उष्णतेत एकत्र राहिले तर स्फोट होऊ शकतो. सायबेरियातील तोम्स्क-७ येथे ६ एप्रिल १९९३ रोजी युरेनियमाच्या द्रावणाची टाकी याच कारणाने फुटली. एवढे सर्व सांभाळून जे युरेनियम हाती येते, त्यातील विखंडनजन्य अशुद्धी मूळच्या मानाने दहा लाख ते कोटी पटींनी कमी झालेली असते. औद्योगिक प्रमाणावरील रसायनशास्त्रात इतक्या कठोर परिस्थितीत इतके शुद्धीकरण क्वचितच साधले असेल.

परंतु हे शुद्धीकरण कशासाठी शोधले गेले? येथे इतिहास साक्षीला बोलावणे अवश्य आहे. कारण 'युरेनियमाची पुनःप्राप्ती' हे शीर्षक या प्रक्रियेला मागाहून मिळाले. अमेरिकेत हॅनफर्ड येथे १९४४ च्या अखेरीस जो पहिला मोठा पृथक्करण-कारखाना चालू झाला, त्यात बिस्मथ फॉस्फेटाच्या निक्षेपाबरोबर प्लुटोनियम खाली आणले जाई. युरेनियमाला सल्फेटच्या साहाय्याने मुद्दाम द्रावणात अडकवून ठेवीत आणि विखंडनजन्य द्रव्यांबरोबर टाकाऊ म्हणून भूमिगत टाक्यांत सोडून देत. म्हणजे जगातील पहिल्या पुनःप्रक्रियेत शंभरातील जवळजवळ शंभर भाग युरेनियम फेकून देण्यात आले. प्लुटोनियम हवे होते, तेही बाँबसाठी, आणि ते मिळाले. पुढे युरेनियमाचा तुटवडा भासू लागला, तेव्हा १९५२ ते १९५८ या काळात त्याच टाक्यांतील गाळ उपसून ट्रायब्युटिल फॉस्फेटने त्यातील युरेनियम काढण्यात आले. युरेनियमाची खरीखुरी पुनःप्राप्ती प्रथम झाली ती अशी, फेकून दिलेल्यातून. आणि तिच्यामुळे टाकाऊ द्रवाचे आकारमान इतके वाढले, की टाक्यांत जागा करण्यासाठी फेरोसायनाइड घालून सीझियम खाली बसवावे लागले. त्या फेरोसायनाइडाच्या स्फोटाची धास्ती पुढील कित्येक वर्षे हॅनफर्डच्या व्यवस्थापनाला पुरली.

ट्रायब्युटिल फॉस्फेटवर आधारलेल्या ज्या प्रक्रियेने पुढे सर्व स्पर्धक प्रक्रियांना मागे सारले, त्या प्युरेक्स प्रक्रियेच्या नावातही पहिले अक्षर प्लुटोनियमचे आहे. अँडरसन व ॲस्प्री यांनी १९४७ मध्ये मागितलेल्या पेटंटाचे शीर्षकही प्लुटोनियमच्या निष्कर्षणाचेच होते. ही टीका त्या शास्त्रज्ञांवर नाही. त्यांनी आपल्या कामाला खरे नाव दिले. नाव बदलले ते पुढच्या लेखकांनी. १९५५ च्या ऑगस्टमध्ये होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयीची परिषद भरली, तेव्हा या प्रक्रियांचे रसायन जगापुढे खुले झाले. त्यानंतरच्या लेखनात लष्करी प्लुटोनियम मागे सरले आणि वाचविलेले युरेनियम पुढे आले. त्यात खोटे काही सांगितले गेले नाही. ज्याचे वजन अधिक त्याला आधी मान, एवढाच क्रमातील बदल झाला.

आता मूळ आकड्याकडे वळावयास हरकत नाही. शेकडा ९६ हे वजनाचे प्रमाण आहे, इंधनमूल्याचे नव्हे. नैसर्गिक युरेनियमात मंद न्यूट्रॉनांनी भंगणारा २३५ भाराचा समस्थानिक फक्त शेकडा ०.७११ असतो; बाकीचा जवळजवळ सर्व भाग २३८ भाराचा. रासायनिक पृथक्करणाला या दोघांतील भेद दिसत नाही. द्रावकाच्या दृष्टीने दोन्ही एकच युरेनियम. तेव्हा शेकडा ९६ या आकड्याची किंमत ठरवावयाची तर रसायनज्ञाच्या तराजूवर नव्हे, समस्थानिकांच्या तराजूवर ठरवावी लागेल.

साध्या पाण्याने थंड होणाऱ्या आजच्या अणुभट्टीचे उदाहरण घ्यावे. तिला शेकडा ४.५ समृद्धीचे एक टन युरेनियम लागते असे धरले आणि समृद्धीकरण-कारखान्यात टाकून दिलेल्या शेषात शेकडा ०.२५ भाग २३५ राहतो असे मानले, तर त्या एका टनासाठी सुमारे ९.२ टन नैसर्गिक युरेनियम खर्ची पडते. भट्टीतून बाहेर पडल्यावर पुनःप्रक्रियेने ०.९५ टन युरेनियम परत मिळाले आणि त्यात २३५ चे प्रमाण शेकडा ०.८५ आहे असे धरले, तर समृद्धीकरणाच्या हिशेबाने त्याची योग्यता सुमारे १.२४ टन नैसर्गिक युरेनियमाइतकी भरते. ९.२ पैकी १.२४, म्हणजे शेकडा १३. शेकडा ९६ चे शेकडा १३ झाले, आणि हे केवळ भागाकाराने झाले; यात कोणाचे मत मिसळलेले नाही.

हा आकडाही पुरता हाती पडत नाही. २३५ भाराच्या अणूने न्यूट्रॉन गिळला, की प्रत्येक वेळी तो भंगतोच असे नाही. सुमारे सात वेळांतून एकदा तो न भंगता २३६ भाराचा होतो. हा समस्थानिक निसर्गात जवळजवळ नसतो, परत मिळविलेल्या युरेनियमात मात्र शेकडा ०.४ ते ०.५ पर्यंत आढळतो, आणि तो न्यूट्रॉन खातो. त्याची भरपाई म्हणून इंधन अधिक समृद्ध करावे लागते, व समृद्धीकरणात हलक्या समस्थानिकाबरोबर हा पाहुणाही काही अंशी वर चढतो. दुसरी अडचण प्रमाणाने नगण्य, पण स्वभावाने त्रासदायक आहे. २३२ भाराचा समस्थानिक अब्जांश प्रमाणात का होईना, या युरेनियमात असतो. त्याच्या वंशावळीत पुढे थॅलियम-२०८ येते, व ते २६ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे भेदक गॅमा किरण सोडते. रासायनिक शुद्धीकरणाने ही वंशावळ तोडली जाते, परंतु मूळ पुरुष शिल्लकच असतो. मधल्या थोरियम-२२८ चे अर्धायुष्य सुमारे १.९ वर्षे असल्यामुळे काही वर्षांतच वंश पुन्हा उभा राहतो. म्हणून असे युरेनियम पिंपात भरून दीर्घकाळ ठेवणे आणि मग इंधन करावयास घेणे सोयीचे नसते. रसायनज्ञाने दिलेल्या शुद्धतेच्या दाखल्यालाही मुदत असते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून वगळली जाते याचे आश्चर्य वाटते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते, व ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. उरलेले २३८ भाराचे युरेनियम आज निरुपयोगी वाटले तरी द्रुत प्रजनक अणुभट्टीत त्याचे प्लुटोनियम होते. त्या दृष्टीने ते सर्वच्या सर्व इंधन होय. तत्त्वतः हे बरोबर आहे. परंतु वरच्याच उदाहरणात ९.२ टनांपैकी ८.२ टन युरेनियम समृद्धीकरण-कारखान्याच्या दारात, भट्टीचे तोंडही न पाहता, शेष म्हणून पडून राहिले होते. जगात अशा शेषाचा साठा दहा लाख टनांहून अधिक आहे. त्यात विखंडनजन्य द्रव्ये नाहीत, २३२ नाही, २३६ नाही; त्यासाठी काँक्रीटच्या भिंती नकोत की द्रावकाची घुसळण नको. प्रजनक भट्टीसाठी केवळ २३८ हवे असेल, तर ते आधीच शुद्ध स्वरूपात हाताशी असताना वापरलेल्या इंधनातून कष्टाने काढण्याचे कारण कोणते? कारण असेल तर ते प्लुटोनियमच असू शकते. सात-आठ टन वापरलेल्या इंधनातील प्लुटोनियमापासून मिश्र ऑक्साइडाचे एक टन इंधन होते, म्हणजे तेथेही बचत साधारण तेवढीच, शेकडा १२-१३. युरेनियम व प्लुटोनियम मिळून फार तर पाव हिस्सा वाचतो. पाव हिस्सा हा काही थोडा नव्हे. पण तो शेकडा ९६ नव्हे.

व्यवहारात काय घडले, ते या हिशेबाशी जुळणारे आहे. फ्रान्समध्ये ला हेग येथे नियमाने पुनःप्रक्रिया होत आली आहे. तेथील प्लुटोनियम मिश्र ऑक्साइडाच्या रूपाने अनेक भट्ट्यांत जाते. परत मिळविलेले युरेनियम मात्र साठत साठत तीस हजार टनांच्या वर गेले. क्रुआस येथील भट्ट्यांत १९९४ पासून ते वापरले जात होते, तेही २०१३ मध्ये थांबले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाले. त्याचे पुनःसमृद्धीकरण जेथे होई ते ठिकाण सायबेरियातील सेव्हेर्स्क, म्हणजेच पूर्वीचे तोम्स्क-७. ब्रिटनमध्ये मॅग्नॉक्स भट्ट्यांतून निघालेल्या युरेनियमाचा बराच भाग पुन्हा समृद्ध करून पुढच्या पिढीच्या भट्ट्यांत वापरला गेला. परत मिळालेल्या युरेनियमाचा मोठ्या प्रमाणावर झालेला खरा उपयोग म्हणून हे उदाहरण सांगण्यासारखे आहे. पण त्याच देशात वेगळे केलेले नागरी प्लुटोनियम सुमारे १४० टन साठले. त्याला खाणारी द्रुत भट्टी डूनरे येथे १९९४ मध्येच बंद झाली होती. थॉर्पचा कारखाना २०१८ मध्ये व मॅग्नॉक्सचा २०२२ मध्ये थांबला, आणि २०२५ च्या जानेवारीत ब्रिटिश शासनाने ते प्लुटोनियम इंधन म्हणून न वापरता अचल स्वरूपात बद्ध करून ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप झाला, ती वस्तूच शेवटी सांभाळावयाचे ओझे झाली.

भारताचे प्रकरण यापेक्षा निराळे आहे. तुर्भे येथील कारखाना १९६४ मध्ये चालू झाला व २२ जानेवारी १९६५ रोजी लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली भारतीय अभियंत्यांनी तो उभा केला. सायरस भट्टीतील ॲल्युमिनियमने वेष्टित असे नैसर्गिक युरेनियम तेथे विरघळविले जाई. क्षमता वर्षाला ३० टनांची. त्याला 'प्लुटोनियम कारखाना' हेच नाव सरळपणे दिले गेले होते, हे नमूद करण्यासारखे आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या स्फोटातील प्लुटोनियम याच कारखान्यातून आले होते. पुनःप्रक्रियेवर लिहिताना हा दुवा टाळण्याची जी पद्धत आहे, तिने विषयाची प्रतिष्ठा वाढत नाही. वाचकाला मात्र हे कळत नाही, की जगात या तंत्राच्या देवघेवीवर एवढे निर्बंध का आले, आणि १९७७ मध्ये अमेरिकेने स्वतःच्या देशातही नागरी पुनःप्रक्रिया अनिश्चित काळासाठी का पुढे ढकलली.

तुर्भ्यानंतर तारापूर व कल्पक्कम येथे मोठे कारखाने झाले; तारापूरचा नवा कारखाना ७ जानेवारी २०११ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. या कारखान्यांचे मुख्य खाद्य म्हणजे जड पाण्याच्या भट्ट्यांतील इंधन होय. या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमावर चालतात आणि टनामागे सुमारे सात हजार मेगॅवॉट-दिवस एवढी उष्णता काढून घेतात. त्यानंतर इंधनात युरेनियम किती उरते? शेकडा ९६ देखील नव्हे; सुमारे ९९. रूढ युक्तिवादाप्रमाणे पाहिले तर ही बचत फ्रान्सहूनही श्रेष्ठ ठरावी! पण त्या युरेनियमातील २३५ चे प्रमाण शेकडा ०.७११ वरून सुमारे ०.२ वर आलेले असते. म्हणजे समृद्धीकरणाच्या कारखान्यात जो शेष टाकून देतात, त्याच्याच तोडीचे हे युरेनियम. त्याला पुन्हा समृद्ध करणे परवडत नाही, आणि तसेच पुन्हा भट्टीत भरले तर साखळी चालत नाही. वजनाचा आकडा वाढला आणि इंधनमूल्य जवळजवळ शून्यावर आले. शेकडा-प्रमाणाने केलेल्या युक्तिवादाचा फोलपणा दाखविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मग भारताने हे का करावे? याचे उत्तर टनामागे मिळणाऱ्या साडेतीन-चार किलो प्लुटोनियमात आहे. जादुगोडा येथील खनिजात युरेनियमाचे प्रमाण शेकडा ०.१ हूनही कमी असते. एक टन धातूसाठी हजारो टन खडक वर आणावा लागतो. भाभांच्या त्रिस्तरीय योजनेत पहिल्या स्तरातील प्लुटोनियम दुसऱ्या स्तरातील द्रुत प्रजनक भट्ट्यांना द्यावयाचे आहे आणि त्यांच्यामार्फत शेवटी थोरियमापर्यंत पोहोचावयाचे आहे. तेथेच परत मिळविलेल्या युरेनियमालाही जागा मिळते. ज्या देशांत समृद्धीकरणाचे प्रचंड कारखाने चालतात, त्यांच्याकडे २३८ चा शेष आधीच पडून आहे. भारताच्या नैसर्गिक युरेनियमावरील भट्ट्यांमागे असा शेष साठत नाही. म्हणून प्रजनक भट्टीच्या गाभ्याभोवतीच्या प्रावरणासाठी व मिश्र ऑक्साइडातील युरेनियमाच्या भागासाठी पुनःप्रक्रियेतून निघालेले हे निर्धन युरेनियम येथे खरोखर उपयोगी पडते. फ्रान्सच्या बाबतीत दुबळा ठरणारा युक्तिवाद येथे बळकट होतो. मात्र तो वेगळ्या कारणाने आणि एका अटीवर.

ती अट म्हणजे प्रजनक भट्टी चालू असणे. कल्पक्कमची छोटी प्रायोगिक भट्टी १८ ऑक्टोबर १९८५ रोजी क्रांतिक झाली. ५०० मेगॅवॉटच्या आदिरूप भट्टीचे बांधकाम २००४ मध्ये सुरू झाले, आणि तिचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये. या वीस वर्षांच्या विलंबाला सोडियमच्या हाताळणीपासून अनेक कारणे आहेत, व त्यांची चर्चा अभियांत्रिकीच्या कक्षेत पडते. येथे प्रश्न एवढाच, की पुनःप्रक्रियेच्या उपयुक्ततेवर लिहिणाऱ्यांनी या विलंबाचा हिशेब आपल्या लेखनात धरला आहे काय. बहुधा धरलेला नसतो. पहिल्या स्तरातील रसायनाचे यश सांगताना दुसऱ्या स्तराचे अस्तित्व गृहीत धरले जाते, आणि मधली वीस वर्षे वाक्याच्या सांध्यात हरवून जातात.

पुनःप्रक्रियेच्या विरोधकांचे लेखनही या दोषापासून मुक्त नाही. ते बाजारातील युरेनियमाचा भाव घेतात, पुनःप्रक्रियेचा खर्च घेतात, वजाबाकी करतात आणि प्रकरण मिटले असे म्हणतात. बाजारात युरेनियम विकत घेण्याची मुभा ज्याला आहे त्याच्यापुरता हा हिशेब ठीक आहे. १९७४ नंतर २००८ पर्यंत भारताला ती मुभा जवळजवळ नव्हती. जादुगोड्याचे युरेनियम महाग असले तरी त्याला पर्याय नव्हता. शिवाय विरोधक टाकाऊ द्रव्याच्या बाजूकडे पुरेसे पाहत नाहीत. इंधनातून युरेनियमाचा अवजड भाग बाजूला काढला, म्हणजे काचेत बद्ध करावयाचे तीव्र किरणोत्सारी द्रव्य वजनाने फारच थोडे उरते. भारतात काचीकरणाच्या आधी याच द्रवातून सीझियम-१३७ वेगळे करून रक्तावर किरणोपचार करणाऱ्या उपकरणांसाठी, तर रुथेनियम-१०६ वेगळे करून डोळ्यांच्या कर्करोगावरील उपचारासाठी वापरण्यात आले आहे. युरेनियम-पुनःप्राप्तीचा खरा लाभ कदाचित येथेच असेल : मिळविलेल्या युरेनियमाच्या उपयोगात नव्हे, तर ते दूर सारल्याने उरलेल्याचा विचार करणे शक्य होते यात. पण कोणत्याही माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर हे वाक्य सहसा सापडत नाही.

शेकडा ९६ या आकड्याऐवजी कोणता प्रश्न विचारावयास हवा, हे तारापूरच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाहावयास मिळते. तेथे १९६९ पासून चालू झालेल्या दोन भट्ट्या साध्या उकळत्या पाण्याच्या आहेत. त्यांना समृद्ध युरेनियम बाहेरून आणावे लागले. त्यांच्या शेजारी २००५ व २००६ मध्ये ५४० मेगॅवॉटच्या जड पाण्याच्या दोन भट्ट्या उभ्या राहिल्या. पहिल्या जोडीच्या वापरलेल्या इंधनात २३५ चे प्रमाण नैसर्गिक युरेनियमाच्या आसपास उरते. असे युरेनियम पुन्हा समृद्ध न करताही जड पाण्याच्या भट्टीत चालू शकते. चीनमधील छिन्‌शान येथे २०१० मध्ये परत मिळविलेले युरेनियम निर्धन युरेनियमात मिसळून जड पाण्याच्या भट्टीत त्याची चाचणी घेण्यात आली होती. दुसऱ्या जोडीच्या वापरलेल्या इंधनातील युरेनियम मात्र शेकडा ०.२ चे, प्रजनक भट्टीच्या प्रावरणाखेरीज फारसे कोठे न चालणारे. एकाच गावातील ही दोन युरेनियमे नायट्रिक अम्लात सारख्याच पिवळ्या रंगाने विरघळतील, सारख्याच तत्परतेने ट्रायब्युटिल फॉस्फेटमध्ये जातील आणि सारखीच शुद्ध होऊन बाहेर येतील. त्यांपैकी ज्यात इंधनमूल्य अधिक, ते १९६३ च्या भारत-अमेरिका करारातील अटीमुळे दशकानुदशके पाण्याच्या कुंडांत पडून राहिले. पुनःप्रक्रियेपूर्वी दोन्ही शासनांनी मिळून संमतीचा निर्णय घ्यावयाचा होता, व तो निर्णय झाला नाही. ज्यात ते मूल्य कमी, त्यावरच कारखाना चालत राहिला.